पायात मुरलेला खेळ बोलता कसा होतो?

३० नोव्हेंबर १९९१. चीनमधलं ग्वांगझू शहर. महिला फुटबॉलच्या पहिल्यावहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना. अमेरिकेने नॉर्वेला २-१ असं हरवलं. अमेरिकेचे दोन्ही गोल मिशेल एकर्स हिचे. इथपर्यंत सगळं कुठल्याही विश्वचषकासारखंच. आता विजेत्या संघाची यादी नीट बघा. अठरा जणींपैकी नऊ जणी एकाच विद्यापीठाच्या संघातून आलेल्या: नॉर्थ कॅरोलायना, गाव चॅपल हिल. देशाच्या संघाचे प्रशिक्षकही त्याच विद्यापीठाचे, अॅन्सन डोरन्स. आणि त्यांचा जन्म? ९ एप्रिल १९५१, मुंबई.

एका कॉलेजच्या मैदानावर निम्मा जगज्जेता संघ तयार होतो, ही गोष्ट हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याला थक्क करणारीच वाटेल. त्याच्या ओळखीची शिडी वेगळी आहे. आधी कॉलेजच्या संघात निवड, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, चमकलाच तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा संघ, त्या संघाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा, आणि शेवटी ‘कलर होल्डर’ हा शिक्का. ते प्रमाणपत्र भरतीच्या फायलीत लागतं आणि बहुतेकांचा खेळ तिथंच थांबतो. मग तिकडे कॉलेजातून जगज्जेते निघतात ते कसे? आणि त्यांना शिकवतं कोण?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी घेऊ. शिकवणारे बहुतेक जण माजी खेळाडू असतात, आणि ते कॉलेजात येण्यामागे एक पोकळी आहे. अमेरिकेत १९६८ मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. पेले आणि बेकेनबाउर यांच्यासारखे दिग्गज उतरत्या काळात तिच्यात खेळून गेले. १९८४ च्या हंगामानंतर ती बंद पडली. पुढची मोठी लीग, मेजर लीग सॉकर, सुरू व्हायला १९९६ साल उजाडलं. मधल्या काळात त्या बलाढ्य देशात अव्वल दर्जाची मैदानी व्यावसायिक लीगच नव्हती. ज्यांनी पैसे घेऊन हा खेळ खेळला होता, त्यांनी जायचं कुठे? एक दार कायम उघडं होतं, विद्यापीठाचं. तिथे मैदान होतं, पगार होता आणि दरवर्षी नवी मुलं येत होती. क्लब बुडत होते, विद्यापीठं टिकून होती.

लीग बंद पडण्याच्या आधीच दुसरं दारही उघडलं होतं. १९७२ मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ म्हणून ओळखला जाणारा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असं त्याचं सूत्र. कायदा शिक्षणाविषयी होता, पण त्याचा सर्वांत दणदणीत परिणाम मैदानावर दिसला. मुलांचा संघ असेल तर मुलींनाही खेळायची संधी द्यावी लागणार होती. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतली महाविद्यालयीन क्रीडा संघटना, हिची महिला फुटबॉलची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९८२ मध्ये झाली. आज तिथल्या एक हजाराहून अधिक महाविद्यालयांत मुलींचे फुटबॉल संघ आहेत. प्रत्येक संघाला प्रशिक्षक लागतो, सहायक लागतो, गोलरक्षकांना वेगळा शिकवणारा लागतो. एका कायद्याने खेळाडू घडवले आणि माजी खेळाडूंसाठी हजारो नोकऱ्याही निर्माण केल्या.

डोरन्स यांचा प्रवास या दोन दारांमधूनच झाला. वडील तेल कंपनीत अधिकारी, त्यामुळे बालपण भारत, केनिया, इथिओपिया, सिंगापूर, बेल्जियम असं देशोदेशी गेलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघातून ते खेळले, तिथेच कायद्याचं शिक्षण घेऊ लागले आणि शिकता शिकताच १९७७ मध्ये मुलांच्या संघाचे प्रशिक्षक झाले. १९७९ मध्ये मुलींचा संघही त्यांच्याकडे आला. वकिली मागे पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलींच्या संघाच्या नावावर बावीस राष्ट्रीय अजिंक्यपदं होती. १९८६ ते १९९० या काळात तो संघ शंभराहून अधिक सामने एकदाही हरला नाही. मिया हॅम, क्रिस्टिन लिली, एप्रिल हाइनरिक्स ही जगभर गाजलेली नावं याच मैदानावरची.

हे घडलं कशाने? डोरन्स यांनी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या सरावावर नजर ठेवली. त्या संघाचे प्रशिक्षक डीन स्मिथ, मायकल जॉर्डनचे गुरू. स्मिथ यांच्या सरावात प्रत्येक गोष्ट मोजली जायची. डोरन्स यांनी ती पद्धत उचलून फुटबॉलला लावली. एकास एक झुंजीत कोण जिंकलं, किती पास अचूक गेले, धावण्यात कोण कितवी आली, सगळ्याची नोंद आणि सगळ्याची क्रमवारी, ती सर्वांसमोर. या पद्धतीला त्यांनी ‘चुरशीची कढई’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. सामन्यात जी चुरस लागते तिची सवय रोजच्या सरावातच व्हावी, हा त्यामागचा हेतू.

इतकी सत्ता एका माणसाच्या हाती आली की तिला दुसरी बाजूही असते. १९९८ मध्ये दोन माजी खेळाडूंनी डोरन्स यांच्यावर आणि विद्यापीठावर लैंगिक छळाचा दावा गुदरला. डोरन्स यांनी आरोप नाकारला. दोन्ही प्रकरणं पुढे तडजोडीने मिटली, एक २००४ मध्ये, दुसरं २००८ मध्ये. कॉलेज प्रशिक्षकाच्या हाती विशीतल्या मुलामुलींची शिष्यवृत्ती, संघातली जागा आणि पुढची वाट असते. म्हणून त्या पदाचं कौतुक करताना त्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणाही तितकीच आवश्यक ठरते.

प्रशिक्षक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिट्टी येते. अमेरिकन कॉलेज प्रशिक्षकाच्या दिवसात शिट्टीचा वाटा लहान असतो. हंगामात विद्यार्थ्यांकडून आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त आणि दिवसाला ४ तासांपेक्षा जास्त सराव करून घेता येत नाही, असा एनसीएएचा नियम आहे. अभ्यास बुडू नये म्हणून. बाकीचा वेळ जातो खेळाडू शोधण्यात. शाळेतल्या मुलाशी भरतीविषयी बोलणं कधी सुरू करायचं, याचीही तारीख ठरलेली आहे: त्याची दहावी संपल्यानंतरचा १५ जून. शिवाय हिशेब. अगदी अलीकडेपर्यंत पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठाला मुलांच्या फुटबॉल संघासाठी जास्तीत जास्त ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, मुलींसाठी १४. होय, नऊ पूर्णांक नऊ दशांश. संघात पंचवीस-तीस मुलं आणि शिष्यवृत्त्या दहाही नाहीत, मग कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं, हे प्रशिक्षकच ठरवणार. त्यात एक विद्यार्थी खेळणार चार हंगाम. म्हणजे कितीही घडवलं तरी चार वर्षांत सगळा संघ निघून जातो आणि प्रशिक्षक पुन्हा पाटी कोरी करून बसतो.

आता पैसे घेऊन खेळलेल्या दोघांकडे वळू. ब्रूस अरिना गोलरक्षक होते. १९७६ मध्ये टॅकोमा टाइड्स या छोट्या व्यावसायिक संघाकडून खेळले. देशाकडून त्यांच्या वाट्याला एकच सामना आला, १९७३ मध्ये इस्रायलविरुद्ध. १९७८ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाने त्यांना नेमलं ते दोन कामांसाठी: फुटबॉलचे मुख्य प्रशिक्षक आणि लॅक्रॉस या जाळीच्या काठीने खेळायच्या खेळाचे सहायक. तिथे त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, त्यातली चार १९९१ ते १९९४ अशी ओळीने. मग नव्या व्यावसायिक लीगची पहिली दोन अजिंक्यपदं डी. सी. युनायटेडला जिंकून दिली, आणि २००२ च्या विश्वचषकात अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीत नेलं. एका सामन्याचा गोलरक्षक, आणि अमेरिकेच्या सर्वांत यशस्वी प्रशिक्षकांपैकी एक!

दुसरे केलेब पोर्टर. मेजर लीग सॉकरमध्ये थोडे हंगाम खेळले, गुडघ्याने दगा दिला आणि २००० मध्ये, पंचविशीतच, खेळ संपला. इंडियाना विद्यापीठात सहायक म्हणून उमेदवारी केली. २००६ मध्ये अॅक्रन विद्यापीठाचा संघ हाती घेतला आणि २०१० मध्ये त्याला राष्ट्रीय विजेता केलं. त्यानंतरच्या जानेवारीत व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा पहिल्या आठ नावांपैकी पाच अॅक्रनची होती. पोर्टर स्वतः पुढे व्यावसायिक संघांकडे गेले आणि २०१५ मध्ये पोर्टलंडला, २०२० मध्ये कोलंबसला लीगचं अजिंक्यपद मिळवून दिलं.

दोघांत एक साम्य आहे. दोघांचीही खेळाडू म्हणून कारकीर्द छोटी आणि अपुरी. ज्यांना सगळं सहज जमलं ते शिकवायला मागे आणि ज्यांना झगडावं लागलं ते पुढे, असं का व्हावं?

याचा एक धागा प्रयोगशाळेत सापडतो. सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुरलेले फुटबॉलपटू आणि काही नवशिके यांना शंकूंच्या रांगेतून नागमोडी चेंडू न्यायला सांगितलं. एका फेरीत अट अशी: मधेच आवाज झाला की आत्ता चेंडूला पायाची कुठली बाजू लागली, आतली की बाहेरची, ते सांगायचं. दुसऱ्या फेरीत लक्ष पायाकडे नाही, कानाकडे: शब्दांची यादी ऐकत राहायचं आणि ठरलेला शब्द आला की तो म्हणायचा. नवशिके पायाकडे लक्ष दिल्यावर जास्त चांगले खेळले. मुरलेले खेळाडू मात्र उजव्या, सरावाच्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष दिलं की अडखळू लागले. शब्द ऐकत असताना त्यांचा वेग उलट चांगला होता. आणि खरी गंमत पुढे आहे. त्याच मुरलेल्या खेळाडूंना डाव्या, कमी सरावाच्या पायाने खेळवलं तेव्हा ते नवशिक्यांसारखे वागले: पायाकडे लक्ष दिलं तर खेळ सुधारला.

म्हणजे कौशल्य मुरतं तेव्हा ते आपल्याच नजरेआड जातं. वसमत-हिंगोली भागात हळद शिजवणाऱ्या जाणत्या माणसाला विचारा, कंद शिजला हे कसं ओळखलं? तो कंद दाबून दाखवील, पण किती दाबायचा हे त्याला शब्दांत धरता येणार नाही. फुटबॉलपटूचं तसंच. चेंडू कधी सोडायचा हे पायांना माहीत असतं, तोंडाला नसतं. प्रशिक्षक व्हायचं म्हणजे नजरेआड गेलेलं ते सगळं पुन्हा वर काढायचं, त्याचे तुकडे करायचे आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला कळेल अशा क्रमाने मांडायचे. ज्याचा गुडघा लवकर गेला, ज्याला संघातली जागा टिकवण्यासाठी रोज विचार करावा लागला, त्याचं ज्ञान पूर्ण मुरायच्या आधीच शब्दांच्या जवळ राहिलेलं असावं. अरिना आणि पोर्टर यांच्याविषयी माझा तर्क असा आहे. अमेरिकन कॉलेजने त्यांना दिलं ते इतकंच: दरवर्षी नव्या मुलांसमोर तीच गोष्ट पुन्हा, आणखी स्पष्ट करून सांगायची सक्ती.

हे सूत्र ओळखलेला एक माणूस आपल्या फार जवळ होता. १९५६ पर्यंत हिंगोलीचा सगळा परिसर हैदराबाद राज्यात होता, आणि त्या राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे शाळामास्तर होते. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळलेले, बी.ए. झालेले, काचीगुड्यासह हैदराबादच्या शाळांत शिकवणारे. शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन त्यांनी शाळेचे खेळ हाती घेतले. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक. त्या संघाने मुंबईतला रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा जिंकला. शिरड शहापूर त्या वेळी त्याच राज्यातलं गाव होतं, तेव्हा ते पाच चषक एका अर्थाने आपल्याही राज्याचे.

रहीमसाहेब हैदराबादेत वेगळ्याच प्रकारच्या स्पर्धा भरवत. एखाद्या स्पर्धेत ड्रिब्लिंगला बंदी, चेंडू आला की पास द्यायचा. एखाद्या स्पर्धेत फक्त कमकुवत पायाने खेळायचं. बायलॉक यांचा प्रयोग यायला अजून काही दशकं बाकी होती, पण हैदराबादचा हा मास्तर मुरलेल्या खेळाडूंना मुद्दाम नवशिके करत होता. सवयीचा पाय बांधून ठेवला की डोकं जागं होतं, हे त्यांनी मैदानावर बघून ओळखलं होतं. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई खेळांत भारताने सुवर्णपदक मिळवलं ते त्यांच्याच हाताखाली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला. त्यात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ४-२ अशा विजयात मुंबईच्या टाटा संघाचा नेव्हिल डिसोझा याने तीन गोल केले. जकार्तातलं १९६२ चं सुवर्ण रहीमसाहेबांनी कर्करोगाशी झुंजत जिंकून दिलं. ११ जून १९६३ रोजी ते गेले. शाळेतला शिक्षक आणि देशाचा प्रशिक्षक हे दोन वेगळे व्यवसाय आहेत, असं त्यांच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही.

आज असा माणूस आपल्या कॉलेजात येऊ शकेल का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार महाविद्यालयाच्या शारीरिक शिक्षण संचालकपदासाठी शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी ५५ टक्क्यांनी, नेट किंवा सेट नाहीतर पीएच.डी., स्पर्धांत खेळल्याचा दाखला आणि शारीरिक क्षमता चाचणी लागते. ही चाचणी मोठी रंजक आहे: तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर अंतर धावून किंवा चालून पार करायचं. आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेच्या पदकविजेत्यासाठी वेगळी वाट ठेवली आहे, पण पदव्युत्तर पदवी त्यालाही हवीच. नियमांत वाईट काही नाही. शिकवणाऱ्याला शरीरशास्त्र कळायला हवं. फक्त एक दिसतं की दहा वर्षं क्लबकडून खेळलेला, पण एम.पी.एड. न झालेला माणूस या दारातून आत येत नाही. त्याची वाट क्लबांकडून जाते. मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळलेले खालिद जमील मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले, २०१६-१७ मध्ये त्यांनी ऐजॉलला आय-लीगचं अजिंक्यपद मिळवून दिलं आणि २०२५ मध्ये ते भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. ही वाट मुंबईत आहे, गोव्यात आहे. औंढा-वसमत रस्त्यावर नाही.

कॉलेजच्या क्रीडा शिक्षकाच्या खुर्चीतून किती मोठं काम होऊ शकतं, हे मात्र महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे क्रीडा शिक्षक होते. भर पावसात वस्तीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली आणि २००१ मध्ये ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केलं. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली, तिथली मुलं बेघरांच्या विश्वचषकापर्यंत पोहोचली आणि २०१६ मध्ये फिफाने या संस्थेला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ हा चित्रपट याच कामावर बेतलेला. बारसे सरांकडे ना ९.९ शिष्यवृत्त्या होत्या, ना सहायकांची फौज. कॉलेजच्या कुंपणाबाहेर बघण्याची सवय होती, तेवढी पुरली.

अमेरिकेची व्यवस्था आपल्याकडे उचलून आणता येणार नाही, आणायची गरजही नाही. तिचा गाभा मात्र स्वस्त आहे: खेळलेला माणूस आणि शिकणारी मुलं दरवर्षी एकाच मैदानावर आली पाहिजेत. पोलीस, सैन्य आणि रेल्वेच्या संघांकडून खेळलेली माणसं निवृत्तीनंतर आपल्याच गावांत परततात. हिंगोलीत तर राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे. अशा माणसाला कायम पद देणं प्राचार्यांच्या हाती नसेल, पण आठवड्यातून दोन संध्याकाळ मानधनावर बोलावणं नक्कीच आहे. कॉलेजच्या क्रीडा संचालकांनी त्याच्या शेजारी उभं राहावं, तो जे करून दाखवतो ते मुलांना समजेल अशा शब्दांत आणायला मदत करावी आणि त्याला अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ‘डी’ परवान्याचा अभ्यासक्रम करायला पाठवावं; प्रशिक्षणाच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ती एक आहे.

तुमच्या गावात असा कुणी असेल तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचं वेळापत्रक लागायच्या आत त्याला कॉलेजात घेऊन जा.